कानच्या बाजारात पहिल्यांदा जाताना: लाटव्हियाचं बोट धरून

लाटव्हियाची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या आसपास आहे. २०११च्या जनगणनेत एकट्या ठाणे शहरात जवळपास तेवढीच माणसं मोजली गेली होती. लाटव्हियातलाही मोठा वर्ग घरात रशियन बोलतो, म्हणजे लाटव्हियन भाषेतल्या सिनेमाला घरचा प्रेक्षक आणखी थोडा. या देशातल्या गिंट्स झिलबालोडिस या तरुण दिग्दर्शकाचा 'फ्लो' हा अ‍ॅनिमेशनपट मे २०२४मध्ये फ्रान्समधल्या कान (कान्स) महोत्सवात 'अन सर्टेन रिगार्ड' विभागात पहिल्यांदा दाखवला गेला. पुढच्याच महिन्यात आन्सीच्या अ‍ॅनिमेशन महोत्सवात त्याला चार पुरस्कार मिळाले, जानेवारी २०२५मध्ये गोल्डन ग्लोब आणि २ मार्च २०२५ला ऑस्कर. त्या देशाचं हे पहिलंच ऑस्कर.

आपल्याकडे बातमी आली ती अशी: एका पोराने ब्लेंडर या फुकटच्या सॉफ्टवेअरवर सिनेमा केला आणि जग जिंकलं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. 'फ्लो' ही लाटव्हिया, फ्रान्स आणि बेल्जियम अशा तीन देशांची सहनिर्मिती आहे. खर्च सुमारे ३५ लाख युरो, काम साडेपाच वर्षं. दिग्दर्शक खोलीत बसून मांजर आणि पूर रचत होता, तेव्हा निर्माते सिनेमाला पैसे देणाऱ्या फंडांचे अर्ज भरत होते आणि बाजारात माणसं भेटत होते. बातमीत न आलेला हा दुसरा अर्धा भाग कुणालाही शिकता येतो. मराठीत वेगळा सिनेमा करणाऱ्या आणि पहिल्यांदाच परदेशी फिल्म मार्केटला निघालेल्या निर्माता-दिग्दर्शकांसाठी हा लेख आहे. मी आजवर कानला आणि बर्लिनला मिळून चार वेळा गेलो. पहिल्या फेरीत जे कुणी सांगितलं नाही, ते इथे लिहितो.

आधी दोन दारं ओळखा

आपण 'कान्स' म्हणतो, तिथे गेल्यावर सगळे 'कान' म्हणतात. तिथे एकाच वेळी दोन गोष्टी चालतात. एक महोत्सव, १९४६पासूनचा, जिथे निवड समिती सिनेमा निवडते. दुसरा मार्शे द्यु फिल्म, म्हणजे फिल्मचा बाजार, १९५९पासूनचा. बाजारात पैसे भरून हॉल घेता येतो आणि कुणालाही आपला सिनेमा दाखवता येतो. दोन्ही पॅले या एकाच इमारतीत आणि तिच्या आसपास भरतात, म्हणून नवख्याचा गोंधळ होतो.

बाजारात शो झाला म्हणजे 'कानमध्ये निवड झाली' असं होत नाही. गावाकडे सत्कार होतील, फ्लेक्स लागतील, पण तिथल्या माणसांना फरक एका क्षणात कळतो. तुमच्या पोस्टरवर महोत्सवाचं चिन्ह असलेलं सोनेरी पान चुकीने छापलं असेल, तर पुढचं बोलणं तिथेच संपतं. बाजारात जाण्यात कमीपणा काहीच नाही. आपलं मराठीतलं काम बाजारातूनच पुढे जाणार आहे, फक्त त्याला बाजारच म्हणा.

सिनेमा कुठल्या टप्प्यावर आहे?

आपल्याकडचे बहुतेक जण सिनेमा पूर्ण झाल्यावर, सेन्सॉर सर्टिफिकेट हातात आल्यावर कानचं तिकीट काढतात. मीही तसाच गेलो होतो. छोट्या देशांचे लोक नेमके उलटे वागतात. लाटव्हिया, एस्टोनिया, लिथुआनिया या बाल्टिक देशांतल्या निर्मात्यांना घरच्या तिकीटबारीवर खर्च वसूल होणार नाही हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. म्हणून ते संहितेच्या टप्प्यावरच बाहेर पडतात, दुसऱ्या देशातला निर्माता शोधतात, आणि तो निर्माता आपल्या देशातल्या फंडातून वाटा आणतो. बदल्यात कामाचा वाटा त्या देशात जातो. 'फ्लो'मध्ये पात्रांच्या अ‍ॅनिमेशनचं काम फ्रान्स आणि बेल्जियममध्ये झालं, ते असंच. दुसऱ्या देशाचे पैसे घेतले की त्या देशातल्या माणसांना काम द्यावं लागतं, ही सहनिर्मितीची साधी देवाणघेवाण आहे.

यात आणखी एक फायदा असतो. सिनेमा तयार होतो तेव्हा तीन देशांत त्याची वाट बघणारी माणसं आधीच असतात. महोत्सवाच्या निवडकर्त्याला तो पहिल्यांदा कळतो तो अनोळखी ईमेलमधून नाही, ओळखीच्या निर्मात्याकडून. झिलबालोडिसही कानला पोचला तेव्हा नवखा नव्हता. त्याचा आधीचा, एकट्याने केलेला चित्रपट २०१९मध्ये आन्सीला पुरस्कार घेऊन आला होता.

म्हणून आधी ठरवा. संहिता असेल तर तुम्हाला सहनिर्माता हवा आहे. रफ कट, म्हणजे कच्चं संकलन असेल तर सेल्स एजंट (परदेशी वितरकांना हक्क विकून देणारा) आणि महोत्सवांचे निवडकर्ते हवे आहेत, आणि जमलं तर उरलेल्या कामासाठी पैसे. सिनेमा पूर्ण असेल तर एजंट किंवा थेट वितरक. तिन्ही कामं एका फेरीत करायला गेलात तर एकही होत नाही. माझ्या मते रफ कटचा टप्पा सगळ्यात चांगला, कारण दाखवायला काहीतरी हातात असतं आणि बदलायला अजून जागाही असते.

आधी गोवा

थेट फ्रान्सला जाण्याआधी पणजीला जा. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ (एनएफडीसी) २००७पासून नोव्हेंबरमध्ये इफ्फी या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या दिवसांत फिल्म बझार भरवते. आता त्याचं नाव वेव्हज फिल्म बझार आहे. तिथे सहनिर्मितीचा विभाग आहे, अपुऱ्या सिनेमांसाठी वर्क-इन-प्रोग्रेस लॅब आहे, आणि व्ह्यूइंग रूम आहे, जिथे बाहेरचे निवडकर्ते कॉम्प्युटरवर बसून एकामागून एक सिनेमे बघतात. कानला ज्यांची अर्ध्या तासाची वेळ मिळवायला महिनाभर लागतो, त्यांतली काही माणसं इथे चहाच्या टेबलावर भेटतात. रात्रीची बस पकडून कोल्हापूर-पुण्याहून जाता येतं, व्हिसा लागत नाही, आणि पिच, म्हणजे सिनेमाची मांडणी, बिघडली तरी नुकसान थोडं. बाल्टिक देशांतल्या नवख्यांसाठी अशी जागा एस्टोनियातल्या टॅलिनला आहे. तिथेही नोव्हेंबरमध्ये महोत्सवाला लागून बाजार भरतो आणि शेजारच्या देशांचे निर्माते आधी तिथे एकमेकांपुढे सराव करतात.

कागद, पैसा, मुक्काम

मार्शेचा बॅज, म्हणजे प्रवेशाचा पास, विकत घ्यावा लागतो. काही शे युरो लागतात आणि लवकर नोंदणी केली की कमी लागतात. याच बॅजबरोबर सिनान्दो हा मार्शेचा डेटाबेस वापरता येतो. कुठली कंपनी काय विकते, काय विकत घेते, तिथे निर्णय कोण घेतं, हे त्यात सापडतं. बॅजचा खरा मोबदला हाच आहे, असं मी म्हणेन.

फ्रान्सला लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. मेच्या तोंडावर सुट्टीची गर्दी असते, म्हणून अपॉइंटमेंट फेब्रुवारी-मार्चमध्येच बघा. ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. बॅज मंजूर झाल्याचं पत्र अर्जाला जोडा.

मुक्काम कानमध्येच हवा हा हट्ट सोडा. त्या दिवसांत भाडी अंगावर येतात. कान ला बोका, ल कानेत, आंतीब, अगदी नीसलाही राहता येतं. किनाऱ्याने लोकल धावते आणि नीसहून साधारण अर्ध्या-पाऊण तासात कान येतं. चौघांनी मिळून स्वयंपाकघर असलेलं घर घ्या आणि घरून मेतकूट, चटण्या, थालीपिठाची भाजणी न्या. ही गंमत म्हणून सांगत नाही. दिवसभर सँडविचवर काढून रात्री अकराला गरम भात मिळाला, की दुसऱ्या दिवशीच्या आठ भेटी नीट होतात.

निघण्यापूर्वीचा महिना

सगळं यश इथे ठरतं. बाजार सुरू होण्याच्या चार-पाच आठवडे आधी वेळा मागायला लागा. दोन आठवडे उरले की चांगल्या माणसांच्या डायऱ्या भरलेल्या असतात.

सिनान्दोवरून ३०-४० नावं काढा, त्याहून जास्त नको. प्रत्येक कंपनीने गेल्या दोन-तीन वर्षांत काय घेतलं ते बघा. भयपट विकणाऱ्याला विदर्भातल्या शेतकऱ्याची गोष्ट पाठवून दोघांचाही वेळ जातो. ईमेल छोटं लिहा. पहिल्या दोन ओळींत सिनेमा, भाषा, लांबी आणि टप्पा. मग गोष्ट, चार ओळींत. मग त्यांनाच का लिहिताय, हे एका ओळीत, त्यांनी घेतलेल्या एखाद्या सिनेमाचं नाव घेऊन. शेवटी भेटीसाठी दोन नेमक्या वेळा. निर्मात्याच्या आजोबांनी तमाशा कंपनी कशी चालवली, हे भेटल्यावर सांगा, तेव्हा लोक मनापासून ऐकतात.

सोबत न्यायची सामग्री फार नसते. एक पानी माहिती, दीड-दोन मिनिटांचं ट्रेलर किंवा दोन चांगले प्रसंग, पासवर्ड घातलेली लिंक, आणि इंग्रजी सबटायटल. सबटायटलवर पैसे खर्च करा. 'आई शप्पथ' किंवा 'अगं बाई' याचं शब्दशः इंग्रजी केलेलं पाहून माणूस सिनेमातून बाहेर पडतो. मराठी आणि इंग्रजी दोन्ही नीट जाणणाऱ्याकडून ती करून घ्या आणि मराठी अजिबात न येणाऱ्या एकाला दाखवा.

आणखी एक फाइल लागते, हक्कांच्या कागदांची. कथेचा करार, पटकथाकाराचा करार, संगीताचे हक्क, पार्श्वभूमीला रेडिओवर वाजणाऱ्या जुन्या गाण्याची परवानगी. तोंडी शब्दावर चालणारे आपले व्यवहार तिथे चालत नाहीत. जत्रेच्या प्रसंगात मागे वाजणाऱ्या एका गाण्यामुळे ठरत आलेला सौदा थांबलेला मी पाहिला आहे.

प्रीमियर जपा

मोठे महोत्सव जागतिक किंवा आंतरराष्ट्रीय प्रीमियर मागतात. सिनेमा आधी दुसरीकडे दाखवला असेल तर अनेक दरवाजे बंद होतात. आमच्या पहिल्या सिनेमाच्या वेळी मी उत्साहात एका छोट्या परदेशी महोत्सवाला फी भरून अर्ज केला, निवड झाली, प्रमाणपत्र आलं. दोन महिन्यांनी एका मोठ्या महोत्सवाच्या निवडकर्तीने सिनेमा आवडल्याचं कळवलं आणि पहिला प्रश्न विचारला तो प्रीमियरचा. माझं उत्तर वाचल्यावर तिचं पुढचं पत्र दोन ओळींचं होतं. दिग्दर्शकाला ते सांगायला मला एक आठवडा लागला.

पैसे भरा आणि पुरस्कार घ्या अशा ऑनलाइन महोत्सवांना तर हातच लावू नका. त्यांची निवडीची पानं पोस्टरवर लावल्याने सिनेमाचं वजन घटतं.

प्रत्यक्ष बाजारात

पॅलेच्या तळघरात आणि त्याला जोडलेल्या रिव्हिएरा भागात स्टॉल असतात, बाहेर समुद्राकाठी देशोदेशीचे पॅव्हेलियन. पहिल्या दिवशी भेटी ठेवू नका. नुसतं चाला, नकाशा पायांत बसवा, कारण दोन भेटींच्या मध्ये दहा मिनिटं असतात आणि त्यात सुरक्षा तपासणीची रांगही येते.

मोठ्या देशांचे पॅव्हेलियन प्रशस्त असतात, तिथे कार्यक्रम होतात, फोटो निघतात. छोट्या देशांकडे बघा. बाल्टिकचे तीन देश बर्लिनच्या बाजारात 'बाल्टिक फिल्म्स' या नावाने एकत्र उभे राहतात. स्वतंत्र स्टॉलचा खर्च वाचतो आणि एस्टोनियाकडे आलेला पाहुणा दोन पावलांवर लाटव्हियालाही भेटतो.

अशाच एका छोट्या देशाच्या स्टॉलवर मी कानच्या दुसऱ्या फेरीत बसलो होतो. एक गोल टेबल, तीन खुर्च्या, कॉफीचं यंत्र, पातळसा कॅटलॉग. त्यांच्या फिल्म सेंटरची बाई समोर चौकटीची वही घेऊन बसली होती. पानाच्या वरच्या कोपऱ्यात माझं नाव, खाली तारीख, सिनेमा, आणि 'कोण काय पाठवणार' असे दोन रकाने. बोलणं संपल्यावर तिने तेच पान माझ्याकडे फिरवलं आणि मी काय कबूल केलंय ते मला वाचायला लावलं. मग विचारलं, "तुम्ही परत गेल्यावर तुमच्या राज्यात मी कुणाला फोन करायचा?" मला चटकन नाव सुचलं नाही. तिच्या देशात या प्रश्नाचं उत्तर एकच असतं, राष्ट्रीय फिल्म सेंटर. लाटव्हियात ते १९९१पासून, स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षापासून आहे. निर्माते बदलतात, सरकारं बदलतात, पण त्या टेबलावर दरवर्षी ओळखीचं कुणीतरी असतं आणि वहीतलं मागचं पान उलटून बघतं.

महाराष्ट्र शासन गोरेगावच्या चित्रनगरीतल्या महामंडळामार्फत निवडक मराठी सिनेमे कानच्या बाजारात पाठवतं, ही फार चांगली गोष्ट आहे. तुमची निवड झाली तर तिकीट आणि हॉल यांवर थांबू नका. त्या वर्षी आणखी कोण येतंय ते विचारा, आधीच्या वर्षी गेलेल्यांकडून त्यांच्या भेटींची यादी मागा. एका मराठी सिनेमाने उघडलेलं दार दुसऱ्याने पुन्हा ठोठावत बसावं, हे मला वेडेपणाचं वाटतं.

भेट २०-३० मिनिटांची असते. पहिली पाच मिनिटं गोष्ट, मग गप्प बसा. समोरचा काय विचारतो ते ऐका. 'हा सिनेमा कुणासाठी आहे?' या प्रश्नावर 'सगळ्यांसाठी' हे उत्तर देऊ नका. लगेच कार्डाच्या मागे चार शब्द लिहा: काय आवडलं, काय पाठवायचं, कधी. रात्री घरी आल्यावर ते वहीत उतरवा. पहिल्या फेरीत मी साठेक कार्डं गोळा करून आणली आणि मुंबईत आल्यावर त्यांतली निम्मी कुणाची, हे मला आठवेना.

हॉल घेऊन शो करणार असाल तर वेळ बघा. आम्हाला एका मध्यस्थाने बाजार आवरत आल्यावरच्या एका सकाळचा, साडेनऊचा शो घेऊन दिला होता. हॉलमध्ये आम्ही धरून सात माणसं, त्यांतली दोन वीस मिनिटांत उठून गेली. दिग्दर्शकाचा चेहरा पडला. खरं तर खरेदीदार असेच बघतात, १५-२० मिनिटं बघून पुढच्या शोला जातात. पुढे त्या दोघांतल्या एकानेच पूर्ण लिंक मागितली. शो बाजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत घ्या, आणि कुणाला बोलावलंय याची यादी हातात नसेल तर घेऊच नका. त्या पैशांत सबटायटल सुधारतील.

सेल्स एजंट हो म्हणाला तर

सेल्स एजंट तुमच्या वतीने देशोदेशीच्या वितरकांना हक्क विकतो. 'फ्लो'चं हे काम पॅरिसच्या शराद या कंपनीकडे होतं, आणि अमेरिकेचे हक्क साइडशो आणि जेनस फिल्म्स यांनी घेतले. चांगला एजंट मिळणं म्हणजे अर्धी लढाई, पण सही तिथे करू नका. कागद घरी आणा आणि मनोरंजन क्षेत्रातल्या वकिलाला दाखवा.

चार गोष्टी मात्र स्वतः वाचा. कमिशन किती, हे बहुतेकदा २० ते ३० टक्क्यांच्या आसपास असतं. त्याशिवाय प्रसिद्धी आणि प्रवास यांचा खर्च ते आधी कापून घेतात, त्याला वरची मर्यादा लिहून घ्या, नाहीतर विक्री होऊनही तुमच्यापर्यंत काही येत नाही. मुदत किती वर्षांची आणि काहीच विकलं गेलं नाही तर हक्क परत कधी मिळणार. आणि भारताचे हक्क त्यात आहेत का. महाराष्ट्रातलं प्रदर्शन तुम्ही स्वतः करणार असाल तर भारत करारातून वगळा. आगाऊ रक्कम देणारे एजंट पहिल्या सिनेमाला क्वचित भेटतात, त्यामुळे ती नाही म्हणून निराश होऊ नका. पण 'तुमचा सिनेमा विकतो, आधी आम्हाला इतके पैसे भरा' म्हणणाऱ्याला नमस्कार करून उठा.

परत आल्यावर

विमानातून उतरल्यावर पहिला आठवडा फार मोलाचा आहे. ज्यांना लिंक कबूल केली त्यांना ती तीन दिवसांत गेली पाहिजे, सोबत भेटीत नेमकं काय बोललो याची एक ओळ. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा विचारा, मग थांबा. पुन्हा लिहायचं ते काही नवं घडल्यावर: रफ कट बदलला, संगीत झालं, कुठे निवड झाली. नकार आला तरी आभाराचं पत्र पाठवा. पुढचा सिनेमा त्याच माणसाकडे जाणार आहे.

सगळ्या टीमसाठी दोन पानांचा अहवाल मराठीत लिहा. कोण भेटलं, काय म्हणालं, किती खर्च झाला. मग तो पुढच्या वर्षी जाणाऱ्या मराठी निर्मात्याला द्या. मी माझे चारही अहवाल आजवर सहा जणांना दिले आहेत. त्यांतल्या एकीला माझ्या यादीतल्या पोलिश निर्मात्याने पहिल्याच दिवशी वेळ दिली, कारण पत्राच्या पहिल्या ओळीत तिने लिहिलं होतं की मागच्या वर्षी तुम्ही मुंबईच्या ज्या माणसाला संहितेचा शेवट बदलायला सांगितला होतात, त्याने तो बदलला आहे.